गाळ आणि गाळे

कोण कुठं राहतं ते पुराला बरोबर ठाऊक असतं, असं भट्टीवाली म्हणायची. नदीचं पाणी वरच्या रस्त्यापर्यंत चढलं, तिथल्या दुकानांच्या पायऱ्यांना नुसते पाय लावले आणि माघारी फिरलं. खालच्या गल्लीत मात्र असं ठाण मांडून बसलं की जाताना भिंती घेऊनच गेलं. भट्टीवालीच्या घराची एक भिंत आणि पाव भाजायची भट्टी एवढं उभं राहिलं होतं. भट्टीच्या तोंडात गुडघाभर गाळ. तो ती रोज फावड्यानं उपसायची आणि उपसताना नदीपासून सरकारपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायची.

तोंड तिचं आधीपासूनच तिखट. नवरा गेल्यावर ते आणखी चाललं, कारण अडवणारं कुणी उरलं नाही. घरात ती आणि तिच्या नवऱ्याची थोरली बहीण, अशा दोघीच. थोरल्या नणंदेला ती रीतीप्रमाणे ‘वन्सं’ म्हणायची, ‘अहो-जाहो’ करायची आणि त्या अहो-जाहोतूनच दिवसभर फैलावर घ्यायची. वन्संचे पाय लहानपणीच गेलेले. चाकाच्या खुर्चीत बसून त्या टेबलाशी पावाचे गोळे करायच्या. बोलणं कमीच. बोलायला फट मिळाली तर माणूस बोलेल ना. कुणी विचारलं, वन्सं कशा आहेत, की उत्तर भट्टीवाली द्यायची. बऱ्या आहेत, त्यांना काय धाड भरलीय. कुणी विचारलं, चहा घेणार का, की भट्टीवाली म्हणायची, नको, त्यांना सोसत नाही.

पूर आला तेव्हा गल्लीतल्या पंक्चरवाल्यानं वन्संना पाठुंगळी घेऊन शाळेच्या वरच्या मजल्यावर नेलं. खुर्ची दुसऱ्या दिवशी वडाच्या फांदीत अडकलेली सापडली. भट्टीवालीनं ती स्वतः धुतली, चाकांना तेल घातलं आणि वर, ‘तुमच्यापेक्षा हिचाच जीव चिवट’ असंही वन्संना ऐकवलं.

मग आली ती संस्था. संस्था म्हणजे एक पांढरी गाडी, गळ्यात ओळखपत्र घातलेली चार माणसं आणि त्यांच्या पुढं एक बाई. बाई वाईट नव्हती. पण प्रत्येक वाक्यात ‘सहभाग’ हा शब्द घातल्याशिवाय तिला जेवण जात नसावं. लोकांच्या सहभागातून पुनर्वसन, महिलांचा सहभाग, वंचितांचा सहभाग. पंक्चरवाल्यानं पहिल्याच दिवशी तिचं नाव सहभागबाई ठेवलं आणि ते चिकटलं.

संस्था वरच्या मोकळ्या जागेवर इमारत बांधून देणार होती. तळमजल्यावर रस्त्याला लागून गाळे, म्हणजे पुढं दुकान आणि मागं राहायची खोली. वरच्या मजल्यांवर नुसत्या खोल्या. लिफ्ट नाही. कुणाला काय मिळणार ते ‘लोक ठरवणार’ होते. ही बातमी ऐकून भट्टीवाली इतकी हसली की फावडं टेकून उभी राहिली. लोक ठरवणार म्हणे. लोकांनी आजवर कधी पावसाळी गटाराचं झाकण ठरवलंय का?

खरं म्हणजे तिला ठरवायचं होतं ते एवढंसं होतं. भट्टी तिसऱ्या मजल्यावर चढत नाही आणि वन्सं पण चढत नाहीत. तळमजल्याचा एक गाळा मिळाला तर दोघी जगल्या. नाही मिळाला तर धंदा गेला आणि वन्सं खिडकीशी बसून उरलेलं आयुष्य आभाळ बघणार. हे तिला स्वच्छ कळत होतं. पण म्हणून जाऊन त्या बैठकीत बसायचं? लोक ठरवणार ती बैठक भर अकरा वाजता, आणि खालची गल्ली त्या वेळी चिखलात. वरच्या रस्त्यावरचे औषधवाले मात्र इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. त्यांचं औषधाचं दुकान जसंच्या तसं होतं, पण त्यांचंही नुकसान झालं होतं म्हणे, कारण गिऱ्हाईक बुडालं होतं. बैठकीला जो आला तो लोकांत धरला, आणि औषधवाले एकही बैठक चुकवत नसल्यामुळे लोकांनी त्यांना समितीचे अध्यक्ष केलं. लोक म्हणजे त्यांचे मेहुणे, शेजारचे निवृत्त साहेब आणि रंगाच्या दुकानाचा मालक.

‘बसू देत खुर्च्या उबवत,’ भट्टीवाली म्हणाली. ‘आपल्याला नाही असली थेरं जमत.’

वन्सं म्हणाल्या, एकदा जाऊन तर बघावं. भट्टीवालीनं त्यांना गप्प केलं. तुम्हाला काय कळतंय, तिथं सगळे ढोंगी.

एके दिवशी सहभागबाई स्वतःच गल्लीत उतरली. बरोबर गुंडाळलेला मोठा कागद. गुळगुळीत बूट, त्यांना चिखलाची सवय नाही, त्यामुळे पहिल्याच पावलाला घसरली आणि भट्टीवालीनं वाळत घातलेल्या गोणपाटांवर दोन्ही पाय रोवून उभी राहिली. बिचारी कानकोंडी झाली. अगं बाई, तुमची गोणपाटं, सॉरी हं, म्हणाली. आता दारात आलेल्या माणसाला काय बोलायचं? भट्टीवालीच्या जिभेवर चांगलं खमंग आलं होतं. पण शेवटी पाहुणी. ‘हरकत नाही,’ ती म्हणाली.

मग सहभागबाईनं कागद उलगडला. इमारतीचा आराखडा होता. हा सगळ्यांना बघता यावा म्हणून तुमच्या भिंतीवर लावला तर चालेल का, असं तिनं विचारलं. गल्लीत उभी भिंत तेवढी एकच होती. भट्टीवालीनं फावडं न थांबवता, कागदाकडं ढुंकून न बघता मान हलवली. सहभागबाईनं गल्लीकडं वळून मोठ्यानं विचारलं, ‘मग कुणाची काही हरकत?’

पंक्चरवाला म्हणाला, हरकत नाही. पलीकडची शिवणकामवाली म्हणाली, हरकत नाही. भट्टीवालीनं तर सगळ्यांत मोठ्यानं सांगितलं, कारण ती बया एकदाची गल्लीतून जावी असं तिला वाटत होतं. वर्षातून एकदा ती गोड बोलली, आणि तेच नडलं.

कागद भिंतीवर लागला. भट्टीवालीनं त्याच्या खिळ्याला आपला भिजलेला ॲप्रन अडकवला. पुढचे कितीतरी दिवस आराखड्यावर ॲप्रन वाळत होता आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, बघा, शेवटी कशाला तरी उपयोग झाला संस्थेचा.

वन्संच्या पाठीला ओलीनं पुरळ उठलं म्हणून ती मलम आणायला औषधवाल्यांकडं गेली. औषधवाले खुशीत होते. मापं घेणारा माणूस दुकानात उभा होता आणि ते त्याला नव्या गाळ्यात फळ्या कुठं ठोकायच्या ते समजावत होते. कोपऱ्यावरचा मोठा गाळा. तिथं ते गोदाम करणार होते.

‘कोपऱ्यावरचा तुम्हाला कुणी दिला?’ भट्टीवालीनं विचारलं.

औषधवाल्यांनी चष्मा वर केला. ‘लोकांनी,’ ते म्हणाले. ‘आणि असं काय करता, तुमच्या गल्लीनंच तर मान्यता दिली. संस्थेच्या ताई स्वतः तुमच्याकडं येऊन गेल्या. आराखड्याला कुणाचीही हरकत नाही, असं तुम्ही सगळ्यांनी सांगितलंत. तुम्ही तर म्हणे फार जोरात सांगितलंत.’

मलम न घेताच ती घरी आली. खिळ्यावरचा ॲप्रन ओढून काढला आणि पहिल्यांदाच तो कागद वाचला. ॲप्रनच्या पाण्यानं शाई पसरली होती, पण वाचता येत होतं. तळमजल्याला रांगेनं वरच्या रस्त्याची नावं. खालची गल्ली सगळी वर चढवलेली. पंक्चरवाला दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे आता सायकली शिडीनं चढणार होत्या. आणि भट्टी तिसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून सगळ्यात लांबची खोली.

राग नंतर आला. आधी आली ती लाज. पंक्चरवाला तर वेड्यासारखा एकच घोकत बसला, अहो आपण भिंतीला हरकत नाही म्हणालो होतो, भिंतीला. वन्संनी काही विचारायला तोंड उघडलं तेव्हा भट्टीवाली ओरडली, ‘तुम्ही आता मध्ये बोलू नका. मी बघते काय करायचं ते.’

पुढच्या बैठकीला खालची गल्ली झाडून गेली. बैठक शाळेच्या वरच्या मजल्यावर होती, कारण खालच्या वर्गांतला गाळ अजून निघाला नव्हता. ‘सर्वांसाठी समान पुनर्वसन’ असा मोठा फलक जिन्याच्या वरच्या टोकाला लावला होता आणि त्या फलकाखालून पंक्चरवाला आणि आणखी एकजण वन्संची खुर्ची पायरी पायरी करत वर चढवत होते. भट्टीवाली मागून ओरडत होती, सांभाळून, ती पिशवी नाही, माणूस आहे. वरून सहभागबाई कौतुकानं बघत होती. तिच्या मुख्य कचेरीतून दोन मोठे पाहुणे आले होते, लोकांचा सहभाग कसा असतो ते पाहायला. त्यांच्यातल्या एकाच्या गळ्यात कॅमेरा होता. खुर्ची जिन्यावर तिरकी झाली, तेव्हा त्यानं फोटो काढला.

सुरुवात खेळानं झाली. थट्टा नाही, खरोखर खेळानं. सहभागबाईनं लोकरीचा गुंडा काढला. ज्याच्याकडं गुंडा येईल त्यानं आपल्या मनातली भावना एका शब्दात सांगायची, धागा धरून ठेवायचा आणि गुंडा पुढं फेकायचा. औषधवाले म्हणाले, आशा. निवृत्त साहेब म्हणाले, एकजूट. रंगवाला म्हणाला, एकजूट झालंय, मग मी ऐक्य म्हणतो. घरं वाहून गेलेली माणसं मागं भिंतीला लागून उभी, आणि घरं शाबूत असलेली पुढं बसून लोकर फेकत होती. गुंडा भट्टीवालीकडं आला तेव्हा ती म्हणाली, ‘वैताग.’ पाहुणे हसले. त्यांना वाटलं, काय मोकळेपणा आहे.

वन्संकडं गुंडा आलाच नाही. तो त्यांच्या डोक्यावरून पलीकडं गेला.

खेळ आवरल्यावर भट्टीवालीनं माईक ओढूनच घेतला. मग तिनं जे सुनावलं ते गल्लीनं पुढं कितीतरी दिवस आठवून आठवून सांगितलं. भिंतीला विचारता आणि इमारतीला लावता? गोणपाटावर पाय पडला त्याला हरकत नाही म्हटलं, तर तुम्ही गळ्यावर पाय दिला? ज्यांच्या नुसत्या पायऱ्या भिजल्या त्यांना तळमजला, आणि ज्यांचं घर नदीत गेलं त्यांना हवा खायला तिसरा मजला? औषधवाल्यांना ती म्हणाली, तुमच्याकडं सगळ्यावर औषध असतं, हावरटपणावर काही आहे का?

सहभागबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती अपमानानं रडतेय असं वाटावं, तर नाही, ती भारावली होती. ‘हाच,’ ती पाहुण्यांकडं वळून म्हणाली, ‘हाच तो सहभाग.’ आणि टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी वाजवल्या. मग औषधवाल्यांनीही वाजवल्या, कारण टाळ्यांनी त्यांचा गाळा काही हलत नव्हता.

भट्टीवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या तर माणसानं चिडावं, निदान लाजावं. ही टाळ्या वाजवते. हिच्यावर थुंकलं तर ही म्हणेल, वा, ओलावा आहे.

औषधवाले शांतपणे उठले. ताईंच्या भावना रास्त आहेत, पण वाटप आता मंजूर झालं, बदलता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मात्र त्यांच्या घरातल्या अपंग भगिनीचा प्रश्न आपण माणुसकीनं सोडवला पाहिजे. पुलापलीकडं संस्थेनं खास गरजा असलेल्यांसाठी एक वसतिगृह बांधायला घेतलंय. सगळं तळमजल्यावर, उतार केलेले. भगिनींची तिथं सोय करता येईल. भट्टीवाल्या ताई इथं तिसऱ्या मजल्यावर राहतील. सहभागबाईचा चेहरा उजळला. पाहुण्यांनी मान डोलावली. पुन्हा टाळ्या.

‘आग लागो तुमच्या माणुसकीला,’ भट्टीवाली म्हणाली. ‘त्यांना एकटीला पाण्याचा तांब्या उचलून प्यायला जमत नाही. त्यांना माणूस लागतं. त्यांना रात्री भीती वाटते. त्यांना माझ्या हातचं सोडून दुसरं जेवण चालत नाही. त्यांना नकोय तुमचं वसतिगृह, त्यांना—’

‘वहिनी,’ वन्सं म्हणाल्या, ‘माईक दे इकडं.’

आवाज मोठा नव्हता. पण तो आवाज त्या खोलीतल्या बऱ्याच जणांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, आणि त्यांत गल्लीतलेही होते. भट्टीवालीच्या हातातला माईक आपोआप खाली आला.

वन्संनी तो दोन्ही हातांनी धरला. पाणी मला उचलून पिता येतं, त्या म्हणाल्या. भीती मला पुराची वाटली होती, रात्रीची नाही. आणि वसतिगृह हवं का नको, ते मला अजून कुणी विचारलेलं नाही. या खोलीत कुणी नाही आणि घरातही कुणी नाही.

मग त्या सरळ पाहुण्यांशी बोलल्या. ती भट्टी त्यांच्या वडिलांनी बांधली. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ती भट्टी त्याच पेटवत होत्या. दुकान वाहून गेलं ते त्यांचं गेलं. म्हणून कोपऱ्यावरचा गाळा त्यांना हवा, त्यांच्या नावावर, भट्टीसकट. भट्टीला कोपराच लागतो, धूर दोन्हीकडून जायला. ‘औषधवाले दादांना गोदाम हवंय,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांना चालता येतं. त्यांनी वर चढावं.’

कॅमेरेवाल्यानं कॅमेरा उचलला होता. आता उगाच न्याय वगैरे म्हणू नका. औषधवाल्यांच्या मनात काही पालट झाला नाही, समितीला काही उमगलं नाही आणि संस्थेला एका दुपारीत अक्कल आली नाही. पाहुणे समोर बसले होते, कॅमेरा चालू होता, आणि चाकाच्या खुर्चीतल्या बाईला नाही म्हणतानाचा आपला चेहरा मुख्य कचेरीत दिसलेला सहभागबाईला परवडणारा नव्हता, एवढंच. औषधवाले काहीतरी बोलायला उठले, तर मेहुण्यानंच त्यांचा शर्ट धरून खाली बसवलं. सहभागबाई घाईघाईनं म्हणाली, कोपऱ्याचा गाळा बदलता येईल, नक्की बदलता येईल. दोघा पाहुण्यांपैकी थोरल्यानं विचारलं, मग बाकीचेही बदलता येतील का? त्यानं सहज विचारलं असेल. पण मागं भिंतीला टेकलेला पंक्चरवाला ते ऐकून पुढं आला. त्याच्यामागून शिवणकामवाली आली. मग एकेक करत सगळी गल्ली खुर्च्यांमधून वाट काढत माईकपाशी जमली, पायांत लोकर अडकली तरी थांबली नाही. पाहुण्यांची गाडी खाली वाट बघत राहिली. ज्याला जे म्हणायचं होतं ते त्यानं म्हटलं आणि सहभागबाईला ते सगळं उभ्यानं ऐकावं लागलं. पंक्चरवाल्याला रंगवाल्याचा गाळा मिळाला. सगळ्यांना नाही मिळाला. शिवणकामवाली पहिल्या मजल्यावरच राहिली, आणि औषधवाल्यांच्या मेहुण्याचा गाळा कुणाला हलवता आला नाही.

भट्टीवाली या गर्दीत एका बाजूला उभी होती. जिंकल्यावर माणसाला जसं वाटायला हवं तसं तिला काही वाटत नव्हतं. तिच्या कानात एकच वाक्य अडकून बसलं होतं, घरातही कुणी नाही. इतकी वर्षं ती या बाईसाठी लोकांशी भांडली, दुकानदारांशी, डॉक्टरांशी, रिक्षावाल्यांशी. आणि ज्या टाळीबाजांवर ती आत्ताच तुटून पडली होती, त्यांच्याच रांगेत वन्संनी तिला नेऊन बसवलं होतं. वाईट म्हणजे, ते खोटं नव्हतं.

शेवटी सहभागबाई कोपऱ्याच्या गाळ्याची नोंद करायला वन्संपाशी आली. या वेळी ती त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली, हे मात्र तिच्या बाजूनं सांगायला हवं. नाव विचारलं, वय विचारलं. मग विचारलं, घरात माणसं किती?

‘एक,’ वन्सं म्हणाल्या.

सहभागबाईनं गोंधळून भट्टीवालीकडं पाहिलं. आणि या ताई?

‘ते तिला विचारा,’ वन्सं म्हणाल्या. ‘तिच्या वतीनं मी कशी सांगू?’

सगळे भट्टीवालीकडं बघत होते. कुणाला सांगावं की या काय बोलतात, भट्टीत लाकूड कोण घालणार, पोती कोण उचलणार, यांच्या पाठीला मलम कोण लावणार. यांतलं प्रत्येक वाक्य तिच्या ओठांवर आलं, आणि प्रत्येक वाक्य पुन्हा वन्संच्या वतीनंच होतं, म्हणून ती ते गिळत गेली. मग ती खुर्चीजवळ गेली आणि वाकली.

‘वन्सं,’ ती म्हणाली, ‘राहू का मी तुमच्याकडं?’

वन्संनी तिच्याकडं पाहिलं. घाई केली नाही. मांडीवर पडलेला लोकरीचा एक तुकडा उचलून बाजूला टाकला.

‘विचार करून सांगते,’ त्या म्हणाल्या.